मेलेली दाढ दुखत होती

मला टेबलावर आडवं करत होते आणि मी आडवी होत नव्हते. पाठ टेकली की श्वास अडायचा. जीभ वर उचलून टाळ्याला चिकटलेली, हनुवटीखाली दगडासारखी सूज, तोंडात करंगळीही शिरत नव्हती. लाळ गिळता येईना, ती गालावरून पदरावर गळत होती. सांगलीच्या दवाखान्यात दोन नर्सबाईंनी मला दोन्हीकडून धरून बसवलं होतं आणि डॉक्टर माझ्या नवऱ्याला विचारत होते, "किती दिवस झाले? आधी कुणाला दाखवलं होतं?"

नवऱ्यानं खाकी शर्टाच्या खिशात हात घातला आणि एक कागद बाहेर काढला. चार घड्यांचा, घड्यांवर मळलेला.

तो कागद मी ओळखला. माझ्याच हातून गेला होता तो.

डॉक्टरांनी वाचला. मग कोपऱ्यातली तारीख बघितली आणि परत वाचला. "अहो, ही सव्वा महिन्यापूर्वीची चिठ्ठी आहे," ते म्हणाले. "साताऱ्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट लिहिलंय, दाढेला जास्तीचं मूळ असावं, आत पू धरतोय, ताबडतोब सांगलीला न्या. सव्वा महिना कुठं होता तुम्ही?"

"सुट्टीवर," नवरा म्हणाला.

मला सगळं ऐकू येत होतं. नवऱ्याच्या थोबाडीत मारावी असं त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, आणि माझे दोन्ही हात नर्सबाईंनी धरून ठेवले होते.

*

मी चौथी शिकलेली बाई. आता सत्तरी ओलांडली आहे. हे सगळं बहात्तरच्या दुष्काळानंतर दोन-तीन वर्षांनी झालं, तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. इतक्या वर्षांनी लिहायचं कारण एवढंच, की परवा आमच्या आळीतल्या एका बाईला तिचा नवरा माझ्यासमोर म्हणाला, "दाताची नस मारलीय ना? मग दुखतोय कसा?" मी घरी येऊन वही काढली.

आमचं गाव कराडच्या अलीकडं. घरात सासू, मी, माझी चार वर्षांची मुलगी आणि धाकटा दीर. सासरे मी सून होऊन यायच्या आधीच गेलेले. नवरा फौजेत. वर्षाला दोन महिने सुट्टीवर यायचा.

त्या वर्षी तो आला तेव्हा माझी डावीकडची खालची दाढ महिनाभर दुखत होती. सासू तव्यावर तंबाखू भाजून मिस्री करायची, ती मला दाढेत दाबायला लावायची. दुखणं थांबायचं, डोकं गरगरायचं, चार तासांनी पुन्हा तेच. सासूचं म्हणणं, गावात सांडशीनं दात उपटणारा होता त्याच्याकडं जावं आणि मोकळं व्हावं. नवरा म्हणाला, "फौजेत दात उपटत न्हाईत, वाचवत्यात. साताऱ्याला न्हेतो तुला."

मला बरं वाटलं. त्यानं कधी स्वतःहून मला कुठं नेलं नव्हतं. आता वाटतं, सासूचं ऐकलं असतं तर दाढ गेली असती आणि विषय संपला असता.

*

साताऱ्याचे दातांचे डॉक्टर पन्नाशीचे, हळू बोलणारे. खुर्चीत बसवून त्यांनी दोरीवर फिरणारं यंत्र दाढेला लावलं. हाडातून गिरणी चालल्यासारखं वाटलं. कीड काढली, कापसाचा बोळा आत ठेवला, वरून बंद केलं. म्हणाले, "हे औषध नस मारतं. आठ दिवसांनी या. मग मुळं साफ करून भरून टाकू. तरुण वय आहे, दाढ कशाला काढायची?"

आमच्याकडं नस म्हणत नाहीत, शीर म्हणतात. घरी आल्यावर नवऱ्यानं सासूला सांगितलं, "दाढंची शीर मारली."

आठ दिवसांनी परत गेलो. केसासारख्या बारीक सुया घेऊन डॉक्टर तासभर दाढेत खुपसत होते. "खालच्या दाढेला दोन मुळं, त्यात तीन वाटा," ते म्हणाले. "तिन्ही साफ केल्या." मग पांढरं काहीतरी भरलं. "झालं. आता ही दाढ मेलेली. दुखणार नाही."

त्यांचं ते वाक्य माझ्या घरानं पाठ केलं.

दोन दिवस खरंच शांत गेले. तिसऱ्या दिवशी भाकरीचा घास त्या बाजूला आला आणि डोळ्यांपुढं अंधारी आली. मग चहानं दुखू लागलं, झोपलं की दुखू लागलं, वाकून केर काढला तरी दुखू लागलं. ठणका कानात जायचा.

सासूला सांगितलं. ती शेंगा फोडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "मेलेलं माणूस बोलतंय का गं?"

"न्हाई."

"मग मेलेली दाढ कशी दुखंल?"

शेजारच्या बायका हसल्या. मीही हसले.

*

तेव्हा घरात दिराचं लग्न ठरलेलं. वीस-बावीस दिवस राहिले होते. सासूनं सगळ्या आळीला सांगितलं की धाकटी येणार म्हणून थोरलीला पोटशूळ उठला आहे, तो दाढेत गेला आहे. "सोंग हाय सोंग. कामं टाळायला."

लग्नाचं दळण, कुरडया, पापड, सारवण सगळं मी केलं. गालाला फडकं बांधून केलं. सोंग करणारी बाई एवढं काम करते काय, हे कुणी विचारलं नाही.

नवऱ्याला मी रोज सांगत होते. एक दिवस तो वैतागून म्हणाला, "चल बाई, एकदा डाक्टरच्या तोंडूनच ऐक, म्हंजी गप बसशील."

साताऱ्याला तिसरी खेप. या वेळी डॉक्टरांनी तोंडात छोटी पट्टी धरून दाढेचा फोटो काढला. फोटो ओला असतानाच उजेडाकडं धरून बराच वेळ बघत राहिले. मग माझ्या गालाखाली बोटांनी दाबलं. मी ओरडले. ते माझ्याशी काही बोलले नाहीत. नवऱ्याला बाहेरच्या खोलीत घेऊन गेले, दार लोटलं.

त्या दारावर मी नंतर पुष्कळ विचार केला. तोंड माझं, दाढ माझी, ठणका माझा, आणि बोलणं त्या दोघांचं. डॉक्टर माणूस वाईट नव्हता. आपली चूक त्यांनी कागदावर लिहून दिली, हे पुष्कळ डॉक्टर करत नाहीत. पण तो कागद त्यांनी माझ्या हातात दिला नाही. खुर्चीत मी बसले होते, तरी दिला नाही.

नवरा बाहेर आला. "काय म्हनलं?" मी विचारलं.

"काय न्हाई. गोळ्या दिल्यात."

"आन त्यो कागद?"

"गोळ्यांचाच हाय."

एसटीत तो खिडकीकडं तोंड करून बसला. मला वाटलं, माझ्यापायी खेप वाया गेली म्हणून रागावला आहे.

*

दोन दिवसांनी मी त्याचा खाकी शर्ट धुवायला घेतला. धुण्याआधी खिसे तपासायची माझी सवय. खिशात तो कागद होता. मी उघडला. इंग्रजीत लिहिलेलं. मला त्यातलं अक्षरही लागलं नाही. मराठीत असतं तर मी वाचलं असतं. मी काही अडाणी नव्हते.

मी ओले हात पदराला पुसले, कागद पुन्हा तसाच चार घड्यांत मिटला आणि ओट्यावर बसलेल्या नवऱ्याला नेऊन दिला. "आवं, ह्यो खिशात ऱ्हायला हुता. भिजला असता की."

त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. "हां, दे हिकडं," म्हणाला, आणि फौजेच्या ट्रंकेत ठेवला.

माझा जीव ज्या कागदात होता तो मी स्वतः पाण्यातून वाचवला आणि स्वतः त्याच्या हातात दिला. बाकी सगळं विसरले तरी हे विसरत नाही.

*

आमच्यात लग्नाला देवक बसवतात. त्याला नवरा-बायकोची जोडी लागते. आई-बाप असतील तर ते बसतात. आमची सासू विधवा, म्हणून थोरला मुलगा आणि थोरली सून, म्हणजे आम्ही दोघं. माझ्या पदराला आणि त्याच्या उपरण्याला गाठ मारली. त्याच्या खांद्यावर कुऱ्हाड, माझ्या हातात पूजेचं ताट, वाजंत्री पुढं. मारुतीच्या देवळात जाऊन आलो. माझा गाल सुजलेला. बायका म्हणत होत्या, "थोरली रुसलीया बगा."

गाठ मारलेल्या त्या माणसाला तेव्हा सगळं ठाऊक होतं. ट्रंकेची किल्ली त्याच्या करगोट्याला होती.

हळदीच्या दिवशी तोंडात एकदम काहीतरी फुटलं. कडवट, घाण पाणी आलं. मी मोरीत जाऊन थुंकले, आणि ठणका थांबला. दाढ भरल्यानंतर पहिल्यांदाच असा थांबला. मला वाटलं देवकानं ऐकलं. सूज उतरली. सासू म्हणाली, "बगा, लगीन लागलं आन सोंग उतरलं."

मी त्या लग्नात लाडू वळले, गाणी म्हटली. खोटं कशाला सांगू, आनंदात होते.

*

लग्नानंतर तेराव्या-चौदाव्या दिवशी पहाटे जाग आली ती गिळता येईना म्हणून. सूज आता गालावर नव्हती, हनुवटीखाली होती, दोन्ही बाजूंना. ताप अंगातून वाफेसारखा येत होता. मी उठून चुलीपाशी बसले. सासू आली, बघितलं, म्हणाली, "मिस्री लाव."

नवी जाऊ सुमन पाणी तापवायला आली. सतरा वर्षांची पोर, अजून हातातला चुडा उतरला नव्हता. घरात वर मान करून बोलायची नाही. तिनं माझ्याकडं बघितलं, घागर खाली ठेवली आणि ओरडलीच. "आवं आत्याबाई, मिस्री कसली लावताय? आक्कांच्या घशातनं शिट्टी वाजतीया! माज्या मामाची म्हस अशीच मेली!"

म्हशीची उपमा दिली म्हणून पुढं तिला पुष्कळ चिडवलं आम्ही. पण त्या घरात माझं दुखणं खरं मानणारी ती पहिली.

तिच्या ओरडण्यानं आळी गोळा झाली. मग लपवायला काही उरलं नाही. गावातून हळदीची पोती घेऊन एक ट्रक सांगलीच्या बाजारात निघाला होता. त्यात पोत्यांवर मला बसवलं. नवरा पाठीला पाठ लावून बसला, कारण मला आडवं होता येत नव्हतं. निघताना तो घरात गेला आणि ट्रंक उघडल्याचा आवाज मी ऐकला. मुलगी सुमनच्या कडेवर रडत होती. इस्लामपूर गेलं तेव्हा मी श्वास मोजत होते. एवढा घेतला, आता पुढचा. पोरीचा चेहरा आठवून पुढचा घ्यायचा.

सांगलीत उतरले तेव्हा मी डोक्यापासून पायापर्यंत पिवळी झालेली. नर्स म्हणाली, "कावीळ आहे का हो बाईंना?"

"हळद हाय," नवरा म्हणाला. आणि मग तो कागद.

*

हनुवटीखाली चिरलं. बसल्या बसल्या, नुसती वरची चामडी बधिर करून. पू निघाला तसा श्वास आत गेला. इतकी हवा एकदम आली की मला वाटलं आता छाती फुटते. चिरलेल्या जागी रबराची नळी ठेवली. दर चार तासांनी इंजेक्शन, सकाळी ड्रेसिंग, दुपारी चमच्यानं ताकद येईल असं पाणीदार काहीतरी. एक म्हातारी आया होती, मिरजेकडची. ती माझी वेणी घालायची, कारण हळद केसांतून जात नव्हती. म्हणायची, "नवरी दिसतीयास, नवरी." तिच्याशिवाय त्या आठवड्यात मला कुणी हसवलं नाही.

चौथ्या दिवशी तोंड दोन बोटं उघडलं. पहिलं वाक्य मी नवऱ्याशी बोलले. नीट बोलताही येत नव्हतं.

"का?"

त्याला कळलं. पलंगाच्या कडेला बसला होता, टोपी हातात फिरवत. "लगीन झालं की न्हेनारच हुतो. त्या डाक्टरनं सांगितलं, सांगलीला भरती करावं लागंल. मग देवकाला जोडी कुटनं आनायची?"

"चुलत दीर हाय की."

"आईला थोरलाच पायजे हुता."

"आत्याबाईस्नी म्हाईत हुतं?"

"सांगितलं हुतं मी."

"आन लगीन झाल्यावर?"

"तवा तुजी सूज उतरली हुती."

"म्हून?"

"म्हून काय... आता कसं सांगायचं, आसं झालं." त्याला रडू आलं. सीमेवर राहिलेला माणूस वॉर्डात सगळ्यांसमोर रडला. मला रडू आलं नाही. रडायला घसा लागतो.

*

नवव्या दिवशी दाढ काढली. त्याआधी डॉक्टरांनी दोन फोटो काढले आणि दोन्ही मला दाखवले. नवऱ्याला म्हणाले, "तुम्ही मागं उभे राहा. बाई, तुम्ही बघा." पहिल्या फोटोत दोन मुळं. दुसऱ्यात, त्याच दाढेला, तीन. "सरळ फोटो काढला तर हे तिसरं मूळ पुढच्या मुळाच्या मागं लपतं," ते म्हणाले. "जरा तिरका काढला की दिसतं. साताऱ्याच्या डॉक्टरांना सरळ फोटोतही शंका आली, हेच विशेष. या मुळातली नस कुणी मारलीच नव्हती. ती जिवंत होती, सडत होती. तुम्हाला दुखत होतं ते खरंच दुखत होतं."

ते शेवटचं वाक्य त्यांनी कदाचित सहज म्हटलं असेल. मी नवऱ्याकडं बघितलं. तो फोटो बघत होता.

दाढ काढल्यावर ताटलीत ठेवून दाखवली. दोन मुळं सरळ, तिसरं बारीक, आतल्या बाजूला आकड्यासारखं वाकलेलं. कोंबडीच्या पायाच्या मागच्या नखीसारखं. एवढ्याशा नखीनं मला मरणाच्या दारात नेलं. पण नखीला दोष देऊन काय करू? तिनं तर रोज ओरडून सांगितलं होतं.

*

घरी आले. सासू दारात होती. भाकरतुकडा ओवाळून टाकला. म्हणाली, "आलीस, बरं झालं."

आठ दिवस गेले. मग एकदा दोघीच होतो तेव्हा विचारलं, "तुमास्नी चिट्टी म्हाईत हुती?"

"व्हय."

"मग सोंग का म्हनला मला?"

तोंडावर विचारलं तर ती खोटं बोलायची नाही, म्हणून उत्तर आलं. "सोंग न्हाई म्हनलं आसतं, तर तुला न्ह्यावं लागलं आसतं."

तिच्या शेवटच्या आजारात मी तिचं सगळं केलं. प्रेमानं केलं असं लिहिणार नाही.

नवरा पलटणीत परत गेला, पुढं पेन्शनीत आला, दहा वर्षांपूर्वी वारला. त्या माणसानं मला कधी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. पण त्या उन्हाळ्यानंतर घरात आलेला एकही कागद मी त्याच्या हाती आधी दिला नाही. इंग्रजी असला तर शाळेतल्या बाईंकडून वाचून घेतला. त्यालाही ते कळत होतं. त्यानं कधी हरकत घेतली नाही.

माझ्या मुलीची दाढ तिसाव्या वर्षी किडली. मी तिच्याबरोबर गेले आणि डॉक्टरीणबाई काही बोलायच्या आत सांगितलं, "तिसरं मूळ बघा. तिरका फोटो काढा." बाई हसल्या. फोटो काढला आणि हसायच्या थांबल्या. होतं तिलाही.

म्हणून वाचणाऱ्यांना सांगते. नस मारली, दाढ भरली, आणि तरी दुखत असेल, तर दुखतंय. कुणाला पटो न पटो. परत जा, दुसरा फोटो मागा. डॉक्टर घरच्यांशी बोलायला बाहेर जाऊ लागला तर खुर्चीतून उठून तुम्हीही बाहेर जा. आणि चिठ्ठी स्वतःच्या हातात घ्या.

*

मायव्वाचं लिहायचं राहिलं.

मला आणलं त्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या शेजारच्या खाटेवर जतकडची एक बाई आली. मेंढरं राखणारं घर. तिलाही अशीच हनुवटीखाली सूज, अक्कलदाढेची. माझ्याएवढ्याच वयाची. तिचा नवरा तिला पाठीवर घेऊन सहा मैल चालत एसटीपर्यंत आला होता. सगळ्यांना सांगायचा, "काल सुजली, आज आनली बगा. मेंढरं भावाकडं टाकली आन आनली. उशीर न्हाई केला." डॉक्टरांना सांगायचा, नर्सला सांगायचा, मला सांगायचा. मला बोलता येत नव्हतं, मी मान हलवायची. तो तिच्या पायाशी बसून राहायचा आणि ओलं फडकं तिच्या ओठांना लावायचा. माझा नवरा त्याच्याकडं बघायचा आणि बाहेर जाऊन उभा राहायचा.

तिलाही तसंच चिरलं. तीच इंजेक्शनं, तीच आया, तोच डॉक्टर.

सहाव्या दिवशी सकाळी मायव्वा गेली. तिचा नवरा तेव्हाही म्हणत होता, "उशीर न्हाई केला."

तिला दुसऱ्या दिवशी आणलं होतं. मला सव्वा महिन्यानं. ती मेली, मी जगले.